‘झुंड’ पाहून मुलं नेमकं काय घेऊन जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेत तुम्ही नववीला शिकवता. मुलांना स्वतःचं वेगळेपण कळावं म्हणून वर्गाला ‘झुंड’ दाखवला. मग ‘या चित्रपटातून मी काय शिकलो’ यावर लिहायला सांगितलं आणि झाडून सगळ्या वह्यांत जिद्द, चिकाटी, ‘प्रत्येकात काहीतरी खास असतं’ एवढंच आलं. मुलं अशा चित्रपटातून खरंच काही घेतात का, घेत असतील तर ते बोलतं कसं करायचं, आणि पुढच्या वर्षी आठवीलाही दाखवावा का, असं तुम्ही विचारलंय.

घेतात. पण ते वहीत उतरत नाही, कारण वहीत काय उतरायला हवं हे त्यांना पाचवीपासून पाठ आहे. ‘मला आवडलेला चित्रपट’ हा निबंध इतक्यांदा लिहून झालेला असतो की हात आपोआप चालतो: थोडं कथानक, थोडं संगीत, मग संदेश, मग ‘म्हणूनच हा चित्रपट मला फार आवडतो.’ ‘काय शिकलात’ असं विचारलं की मुलं चित्रपट आठवत बसत नाहीत, तुम्हाला काय ऐकायचंय याचा अंदाज घेतात. ज्या चित्रपटात एकेका पोराला घोळक्यातून बाजूला घेऊन त्याचं ऐकून घेतलं जातं, त्यावर आपण अख्ख्या वर्गाकडून एकच उत्तर मागतो. माझ्या मते गडबड इथेच आहे. चित्रपटात नाही आणि मुलांत तर नाहीच.

मी नागपुरातल्या शाळांत आणि ज्युनिअर कॉलेजांत समुपदेशक म्हणून काम करते. पिक्चर दाखवून गप्पा घेणं हा त्या कामातला माझा सर्वांत आवडता भाग, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

‘झुंड’ ४ मार्च २०२२ला आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे. अमिताभ बच्चन यांनी केलेले विजय बोराडे हे आपल्या नागपूरच्या विजय बारसे यांच्यावर बेतलेले आहेत. बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली पोरं त्यांनी पाहिली आणि त्यातून वस्तीतल्या मुलांना फुटबॉल खेळायला लावणाऱ्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेचं काम उभं राहिलं. या संस्थेला २०१६ साली फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. मुख्य पोरगा डॉन, त्याचं काम करणारा अंकुश गेडाम नागपूरचाच. त्याला या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. हे सगळं मुलांना सांगाच, पण चित्रपट संपल्यावर. आधी सांगितलं की मुलं थोर माणसाचं चरित्र असल्यासारखी हाताची घडी घालून बसतात. नंतर सांगितलं की ‘हे आपल्या इथलं हाय? खरंच?’ असं होतं आणि मघाशी हसण्यावारी नेलेले प्रसंग ती पुन्हा आठवू लागतात.

वेगळेपणावरचा चित्रपट म्हटलं की शाळांमध्ये पहिलं नाव निघतं ‘तारे जमीन पर’चं. २००७च्या त्या चित्रपटाचे उपकार आम्हा समुपदेशकांवर तरी आहेतच. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे त्यातल्या ईशानला वाचता-लिहिताना येते तशी अडचण, दिव्यांग हक्क कायद्यात आली २०१६ साली; त्याच्या कितीतरी आधीपासून पालक ‘त्या पिक्चरमधल्या पोरासारखं आमच्याकडेही होते का, जरा पाहा ना’ म्हणत येऊ लागले होते. पण मुलांच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक अडचण आहे. शेवटी ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. त्याचं वेगळं असणं खरं होतं ते त्याला बक्षीस मिळाल्यामुळे. मागच्या बाकावरचा एक मुलगा त्या चित्रपटानंतर मला म्हणाला होता, ‘मॅडम, त्याले तं ड्रॉइंग येते. मले काय येते?’ ‘प्रत्येकात काहीतरी खास असतं’ हे वाक्य अशा मुलाच्या डोक्यावर ओझं होऊन बसतं. खास काय ते सापडलं नाही, म्हणजे आपल्यातच खोट, असा हिशेब तो मनाशी करतो.

‘झुंड’मध्येही फुटबॉल आहे, जिंकणं आहे, परदेशी जाणं आहे. तरी या कामासाठी मला तो जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यात कौशल्याइतकीच जागा ऐकून घेण्याला आहे. बोराडे पोरांना घरी बसवून एकेकाला स्वतःबद्दल बोलायला लावतात. गाणं नाही, मॅच नाही, पोरं नुसती बोलतात. हा प्रसंग सुरू झाला की वर्गातली चुळबुळ थांबते, हे मी दरवेळी पाहिलंय. कारण साधं आहे. नववी-दहावीच्या मुलांशी मोठी माणसं बोलतात ती मार्कांबद्दल, मोबाइलबद्दल आणि केसांबद्दल. ‘तुझं काय चाललंय’ म्हणून कोणी समोर बसवून विचारलेलं नसतं.

आता पैशांचा प्रसंग. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. बोराडे पोरांना खेळायला तयार करतात ते ५०० रुपये देऊन. रोज खेळा, रोज पैसे. मग एक दिवस ते हात वर करतात, पैसे नाहीत. तोवर पोरांना चटक लागलेली असते. ती फुकट खेळतात.

मी वर्गाला एवढंच विचारते, की सरांनी हे बरोबर केलं का? मग गंमत बघा. एका शाळेतली चर्चा मला जशीच्या तशी आठवते. पहिला उठला तो म्हणाला, ‘पैसे देल्ले म्हणून खेळले ना ते, नाही तं कायले खेळले असते?’ दुसरा लगेच, ‘मग लालूच झाली ना बे ती!’ त्यावर कधी तोंड न उघडणारी एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, ‘आमच्या घरी बी तसंच हाय. मार्क आले का मोबाइल भेटते.’ सगळे हसले. ती नाही हसली. पुढे म्हणाली, ‘मोबाइल भेटला का मी पुस्तकच नाही उघडत.’

या एका वाक्यात जे आहे त्यावर मानसशास्त्रात मोठं काम झालेलं आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत प्रयोग केला. आपण होऊन आवडीने चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांचं चित्र काढणं कमी झालं. ज्यांना काही कबूल केलेलं नव्हतं, त्यांची आवड टिकली. म्हणजे मुळात आवड असलेल्या गोष्टीवर बक्षीस लावलं तर आवड मरू शकते. मग ‘झुंड’मध्ये उलटं कसं झालं? पोरं तर आधीपासून पावसात प्लॅस्टिकचा डबा घेऊन खेळत होती! हा पेच मुलांपुढे ठेवा, पण उत्तर देऊ नका. एकदा एका मुलाने म्हटलं, की पैसे खेळायचे नव्हते, ‘त्या टायमाले दुसरं काही नाही करायचं’ याचे होते. मला हे उत्तर कुठल्याही पुस्तकातल्या उत्तराइतकं पटतं. चोऱ्या-भुरट्या कामांतून जी कमाई व्हायची, तिची भरपाई होती ती.

यातून मुलं काय नेतात? आपण जे करतो ते कशासाठी करतो, हा प्रश्न नेतात. आणि तो प्रत्येकाचा निराळा असतो. ट्यूशनला कोणासाठी जातो, डान्स क्लास कोणाला हवा होता, कबड्डी का सोडली. कोणी बघत नसताना, मार्क-बक्षीस-लाइक काहीच नसताना तू काय करतोस, असं विचारलं की बरीच मुलं विचारात पडतात. काहींची उत्तरं भन्नाट असतात. एकजण बंद पडलेली मिक्सरं उघडून बसायचा. घरच्यांच्या लेखी तो ‘सामानाचा सत्यानाश’ होता.

मात्र इथे सावध राहा. चित्रपट पाहून दोन-चार जण ‘आता मी शाळा सोडून फक्त फुटबॉल’ किंवा ‘मला रील्स करायच्या आहेत, हीच माझी ओळख’ असं घरी जाहीर करतात आणि मग पालक तुमच्याकडे येतात. अशा मुलाशी वाद घालू नका. गेल्या आठवड्यात त्यासाठी काय केलं, ते दिवसावार लिहून आण म्हणावं. कागद भरला तर पालकांशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असतं. कोरा राहिला तर मुलाला आपोआप कळतं. तुम्हाला बोलावं लागत नाही.

दुसरी गोष्ट घोळक्याची. डॉनचा खरा झगडा कॉलेजच्या टीमशी नाही, आपल्याच आजूबाजूच्या पोरांशी आहे. डिवचलं की हात उचलायचा, नाहीतर आपली ‘इज्जत’ गेली, हा तिथला कायदा. नववीच्या वर्गात हाच कायदा चालतो, फक्त हत्यारं वेगळी: व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकणं, टोपणनाव पाडणं, डब्याला सोबत न बसवणं. यावर भाषण फुकट जातं. मी एक साधी गोष्ट करते. आधी हात वर करून विचारते, ‘मित्र चुकीचं वागत होते तेव्हा गप्प राहिलेले कोण कोण?’ दोन-तीन हात वर जातात, तेही इकडेतिकडे बघत. मग चिठ्ठ्या वाटते, नाव न घालता हो किंवा नाही लिहा म्हणते. चिठ्ठ्या वर्गासमोर उघडून टेबलावर दोन ढीग करते. ‘हो’चा ढीग मोठा झालेला मुलांना डोळ्यांनी दिसतो. त्यानंतर वर्गात जी शांतता होते, ती ‘गप्प बसा रे’ म्हणून आणता येत नाही.

मग सॉलोमन अॅशचा प्रयोग सांगते. १९५०च्या दशकातला. खोलीत काही माणसं, समोर रेघा, कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी ते सांगायचं. एक सोडून बाकी सगळे प्रयोग करणाऱ्याला सामील, ते ठरवून चुकीचं उत्तर देतात. डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही तो एकटा माणूस साधारण एक तृतीयांश वेळा बाकीच्यांच्या चुकीत चूक मिसळतो. मुलांना एवढं आवडतंच, पण त्यांच्या कामाचा भाग पुढचा आहे: खोलीत आणखी एकाने जरी खरं उत्तर दिलं तर ही मान डोलवण्याची सवय झपाट्याने कमी होते. आपण मुलांना सांगतो ‘एकटा उभा राहा’. चौदा वर्षांच्या पोराला ते झेपत नाही. ‘तुझ्या बाजूला कोण उभा राहील, आणि तू कोणाच्या बाजूला राहशील’ हे विचारलं तर त्याला पटकन नाव सुचतं. बेंचवर शेजारी बसलेल्याचंच सुचतं, बहुतेक वेळा.

हेच तुमच्या निबंधांनाही लागू आहे. पहिली हुशार मुलगी बोलली की बाकीचे तिचीच री ओढतात. म्हणून कोणाला बोलायला उठवण्याआधी सगळ्यांना दोन ओळी लिहू द्या. आणि प्रश्न बदला. ‘काय शिकलात’ ऐवजी ‘कोणाचं वागणं पटलं नाही’, ‘कुठे कंटाळा आला’, ‘भिंतीच्या कोणत्या बाजूला तुझं घर आहे असं तुला वाटलं’. चित्रपटात कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत आहे, ती त्यांना आठवते. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मात्र मोठ्याने वाचून घेऊ नका. का, ते पुढे सांगते.

कागदपत्रांचा भाग बहुतेक शिक्षक सोडून देतात. मला तो या चित्रपटातला सगळ्यात मोलाचा वाटतो. मोनिका ही आदिवासी मुलगी. खेळायला परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला ओळखीचा पुरावा हवा, आणि तो पुरावा मिळवायला बाप-लेक वणवण फिरतात. मोठ्यांना हा भाग लांबलेला वाटतो. मुलांना नाही वाटत, कारण अनेकांच्या घरात तो चालू असतो. एका वर्गात या प्रसंगानंतर एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, माह्या आजोबाचा दाखला कुठून आणायचा? ते तं शाळेतच नाही गेले.’ तिच्या मोठ्या बहिणीची जात पडताळणी त्यापायी अडली होती.

स्वतःची ओळख म्हणजे काय, यावर एवढा खरा प्रश्न मी दुसऱ्या कुठल्या चर्चेत ऐकलेला नाही. तू कोण आहेस हे तुला माहीत आहे, गावाला माहीत आहे, पण खिडकीमागच्या माणसाला कागद हवा. अशा वेळी ‘छान प्रश्न’ म्हणून पुढे सरकू नका, माहिती द्या. पडताळणीत ठरावीक तारखेच्या आधीपासून कुटुंबाचं वास्तव्य आणि जातीची नोंद दाखवावी लागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावाचं नाव गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडू शकतं. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद असू शकते. जुन्या महसुली कागदांत असू शकते. हे शोधायला वेळ लागतो, म्हणून ते अकरावी-बारावीत प्रवेशाच्या तोंडावर नाही, नववीतच सुरू करायचं. त्या मुलीच्या वडिलांनी गावी जाऊन चुलत आजोबांची नोंद काढून आणली.

याला जोडूनच एक काम वर्गात करून टाका. प्रत्येकाला शाळेच्या रजिस्टरातलं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शेजारी-शेजारी लिहायला सांगा, देवनागरीत आणि इंग्रजीतही. कुठे आईचं नाव चुकलेलं असतं, कुठे आडनावात एखादं अक्षर जास्त. दहावीच्या फॉर्मनंतर बोर्डाकडून शाळेला प्री-लिस्ट, म्हणजे तपासून घ्यायची यादी, येते, तेव्हा दुरुस्ती करता येते. पण शाळेच्या रजिस्टरातच चूक असेल तर ती आधी सुधारावी लागते. मुलं हे काम मन लावून करतात. स्वतःचं नाव आहे ना ते.

मुलींबद्दल वेगळं लिहिते, थोडक्यात. त्या चित्रपट वेगळा पाहतात. मुलगे डॉनबद्दल बोलत असतात तेव्हा मुली रझियाबद्दल बोलतात, जी घरातली भांडणं आणि पदरी लेकरं असताना खेळते. आणि मग विचारतात, शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत कोण असतं? कस्तुरचंद पार्कवर, रेशीमबागच्या मैदानावर संध्याकाळी कोण खेळताना दिसतं? हा प्रश्न आला तर चर्चेवर सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस मैदान मुलींचं, असा ठराव मुख्याध्यापकांकडून करून घ्या. चित्रपटामुळे शाळेत काही बदललं, हे एकदा दिसलं की पुढच्या चर्चेला मुली जीव तोडून बोलतात.

आता ती भिंतीची गोष्ट. नागपुरात हा चित्रपट दाखवताना वर्गात दोन्ही बाजूंची मुलं बसलेली असतात, हे विसरू नका. भीमजयंतीचा प्रसंग येतो, बाबासाहेबांची तसबीर पडद्यावर भरून दिसते, डीजे वाजतो. हे दीक्षाभूमीचं गाव आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला काय झालं ते इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही. काही मुलं त्या क्षणी बाकावर थाप मारतात, शिट्टी घालतात, कारण आपल्या मोहल्ल्यातली जयंती मोठ्या पडद्यावर त्यांनी पहिल्यांदा पाहिलेली असते. काही मुलं अवघडतात. दोन्ही होऊ द्या. शिट्टी घातली म्हणून रागावू नका, आणि अवघडलेल्यांना टोचून बोलू नका.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. वस्तीतल्या एखाद्या मुलाला उभं करून ‘हा आपल्याला सांगेल, तिथे खरंच कसं असतं’ असं म्हणू नका. हे मी चांगल्या, कळवळ्याच्या शिक्षकांना करताना पाहिलं आहे. त्यांचा हेतू उत्तम असतो. पण त्या मुलाला आता वर्गभर त्या वस्तीचा प्रतिनिधी म्हणून वावरावं लागतं. कालपर्यंत तो चांगला ऑफस्पिन टाकणारा म्हणून ओळखला जायचा. स्वतःहून बोलला तर ऐका. नाही बोलला तर तोही त्याचा हक्क आहे.

नागपूरची मुलं आणखी एक प्रश्न विचारतात, जो पुण्या-मुंबईच्या शाळांत बहुधा निघत नसेल. या चित्रपटात काम केलेल्यांपैकी कोणाकोणाबद्दल पुढे वाईट बातम्या आल्या. मुलं पेपर वाचत नसतील, पण मोबाइलवर सगळं येतं. ‘मॅडम, अमिताभसोबत काम करूनबी असं काहून झालं?’ हा प्रश्न टाळू नका. मी सांगते की शूटिंग काही महिने चालतं आणि मग सगळे आपापल्या घरी जातात, त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत, त्याच आर्थिक ओढाताणीत. एका संधीने माणूस बदलतो हे पडद्यावर तीन तासांत दाखवावं लागतं. प्रत्यक्षात मैदानावरचं काम वर्षानुवर्षं चालवावं लागतं, आणि तरीही काही मुलं हातची निसटतात. मुलांना हे ऐकून धक्का बसत नाही. उलट आपण खरं बोलतोय एवढं त्यांना कळतं, आणि मग ती स्वतःच्या भावाबद्दल, काकाबद्दल बोलू लागतात.

याच टप्प्यावर बोराडे सरांचा विषय निघतो. ‘आम्हाले असा सर पाहिजे,’ हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. शिक्षकाला हे ऐकून भरून येतं किंवा राग येतो. दोन्ही गिळा आणि एक चिठ्ठी लिहायला सांगा: ‘मार्कांबद्दल न बोलता ज्यांनी माझी विचारपूस केली असं एक मोठं माणूस.’ नाव लिहायचं, नातं लिहायचं, खाली आपलंही नाव लिहायचं. वाचणार फक्त तुम्ही. आत्या येते, शेजारच्या काकू येतात, ऑटोवाले भाऊ येतात, जिमचे दादा येतात. एकाने शाळेसमोरच्या पोहेवाल्याचं नाव लिहिलं होतं. ज्या चिठ्ठ्या कोऱ्या येतात, त्या बाजूला काढून ठेवा. तुमच्या अख्ख्या उपक्रमातून हाती काही लागत असेल तर त्या कोऱ्या चिठ्ठ्या. त्या मुलांशी येत्या पंधरवड्यात सहज, जाता-येता, एकेकट्याने बोला. ऑफिसात बोलावून नव्हे. कोणाच्या बोलण्यात जिवाचं बरंवाईट करण्याचा सूर लागला तर वाट पाहू नका: पालकांशी आणि समुपदेशकाशी त्याच दिवशी बोला. मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो. घरातच धोका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आता तुमचे बारीक प्रश्न. आठवीला दाखवावा का? मी नाही दाखवत. चित्रपटाला यू/ए प्रमाणपत्र आहे, पण शिव्या आहेत, नशा आहे, मारामारी आहे, आणि आठवीत मुलं त्यातलं टोपणनाव आणि चाल तेवढी उचलतात. नववीचं दुसरं सत्र योग्य. वेळ जवळपास तीन तास, म्हणजे एका बैठकीत बसवू नका. शेवटच्या तासाला मुलांचं लक्ष घड्याळावर आणि स्कूलव्हॅनवर असतं. तीन दिवस घ्या. पहिला तुकडा पैशांच्या प्रसंगापर्यंत, दुसरा कॉलेजबरोबरच्या मॅचपर्यंत, तिसरा उरलेला. मधल्या रात्री मुलं घरी जाऊन जे बोलतात ते दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येतात, आणि पालकांनाही आधी कळतं की काय दाखवलं जातंय. एक छोटी चिठ्ठी पालकांना आधीच पाठवा, विशेषतः शिव्यांबद्दल. नंतर फोन येण्यापेक्षा ते बरं.

आणि त्या निबंधांना मार्क देऊ नका. लिहून झालेत ते परत करा, रागावू नका, तुम्ही मागितलं तेच त्यांनी दिलंय. अंतर्गत मूल्यमापनात काहीतरी दाखवावंच लागत असेल तर एकच निकष ठेवा: शेजाऱ्याच्या वहीत नसलेलं एक तरी वाक्य यात आहे का. हे मुलांना आधी सांगून टाका. पहिल्यांदा ती मुद्दाम काहीतरी विचित्र लिहितील, एखादा अमिताभच्या कपड्यांवर पानभर लिहील. लिहू द्या. दुसऱ्या खेपेला कामाचं येतं.